पाळकांच्या हिशेबाबद्दल शंका आली तर: आधी काय, मग काय

मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पैशांत पाळकांकडून (पास्टरकडून) गडबड होते आहे हे बहुतेक वेळा लोकांना कळलेलं असतं. फसतो तो पुढचा भाग. रविवारी उपासनेनंतर कुणीतरी चिडून मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहितं, "बांधकामाच्या पैशांचं काय झालं?" संध्याकाळपर्यंत चाळीस उत्तरं येतात, त्यातली निम्मी हात जोडलेल्या चित्रांची. पुढच्या रविवारी पाळक व्यासपीठावरून संदेश देतात तो बायबलमधल्या दाविदाने शौल राजावर हात उचलला नाही याच विषयावर. महिनाभरात विचारणारा मंडळीबाहेर जातो आणि जुन्या पावतीपुस्तकांना 'वाळवी लागते'.

मी काही वर्षं एका मंडळीत खजिनदाराच्या हाताखाली काम केलं. नंतर दोन मंडळ्यांच्या चौकशीत कागद लावून द्यायला बसलो. दोन्हीकडे चुका त्याच होत्या आणि त्याच क्रमाने झाल्या होत्या, म्हणून हे लिहितोय. भर पैशांच्या अप्रामाणिकपणावर आहे. खोट्या साक्षी, बनावट पदव्या किंवा अधिकाराचा गैरवापर यांनाही पायऱ्या जवळपास याच लागू होतात.

सुरू करण्याआधी एक अपवाद

लहान मुलावर अत्याचार, कुणाचंही लैंगिक शोषण, मारहाण किंवा धमकी असं काही असेल तर खालचा एकही टप्पा वापरू नका. त्याच दिवशी पोलिसांकडे किंवा तुमच्या देशातल्या बालसंरक्षण यंत्रणेकडे जा. 'आधी वडीलमंडळाला (मंडळीच्या ज्येष्ठ पुढाऱ्यांना) सांगू, त्यांचं ऐकू' असं करण्यात जे दोन दिवस जातात, तेवढ्यात फोनमधले मेसेज पुसले जातात आणि पीडिताच्या घरी समजूत काढायला माणसं पोहोचतात. पीडिताला आणि पाळकांना समोरासमोर बसवून समेट घडवायचा तर विचारही नको. मुलाला पुन्हा पुन्हा प्रश्न विचारू नका. त्याने जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहा आणि अधिकाऱ्यांच्या हाती द्या. अनेक देशांत अशी माहिती दडवणं हाही गुन्हा आहे.

बाकी सगळ्यासाठी पुढे वाचा.

टप्पा १: तक्रार एका वाक्यात लिहा

कागद घ्या आणि तुमची शंका एका वाक्यात लिहा. "पाळक पैसे खातात" हे वाक्य चालणार नाही, कारण ते सिद्धही करता येत नाही आणि खोडूनही काढता येत नाही. "बांधकाम निधीत जमा झालेल्या रकमेचा हिशेब गेल्या दोन वार्षिक सभांत मांडलेला नाही" हे चालेल. यात कुणाला चोर म्हटलेलं नाही, आणि उत्तर देणाऱ्याला फक्त दोनच वाटा उरतात: हिशेब दाखवणं किंवा न दाखवणं.

वाक्य लिहिताना एक गाळणी लावा. पाळकांचा संदेश कंटाळवाणा आहे, ते मोठी गाडी वापरतात, त्यांची पत्नी गायनवृंदात सगळ्यांना रागावते, या गोष्टी खटकत असतील, पण हा गैरव्यवहार नव्हे. गाडी कुणाच्या पैशांची आणि कुणाच्या नावावर, हा मात्र हिशेबाचा प्रश्न आहे. हिशेब न दिसण्यामागे निव्वळ आळसही असू शकतो. पावत्या बुटांच्या खोक्यात भरून ठेवणारे पूर्ण प्रामाणिक खजिनदार मी पाहिले आहेत. ती शक्यता जागी ठेवली की तुमची भाषा आपोआप नीट राहते.

*तपासा:* हे वाक्य उद्या पाळकांच्या हातात पडलं तर तुम्हाला लाज वाटेल का? वाटत असेल तर पुन्हा लिहा.

टप्पा २: मंडळीत किल्ली कुणाकडे आहे ते शोधा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात आणि मग चुकीच्या दारावर धडका मारत बसतात.

काही मंडळ्यांत पाळकाची नेमणूक आणि शिस्त बिशपांकडे असते. काहींत ती वडिलांच्या वरिष्ठ सभेकडे असते. काही मंडळ्यांत सभासदांची सर्वसाधारण सभा हीच सर्वोच्च असते. आणि काही मंडळ्या पूर्ण स्वतंत्र असतात: संस्थापक पाळक, विश्वस्त म्हणून पत्नी आणि मेहुणा, बाकी सगळे नुसते 'येणारे'. यातली तुमची कोणती, हे ठरल्याशिवाय एकही पत्र लिहू नका. बिशपांच्या रचनेतल्या माणसाने सभासदांच्या सह्या गोळा करण्यात वर्ष घालवलेलं मी पाहिलंय. त्या सह्यांना त्यांच्या नियमांत काडीची किंमत नव्हती.

मंडळीची घटना किंवा नियमावली मिळवा. संस्था नोंदणीकृत असेल तर नोंदणी कार्यालयात तिची प्रत असण्याची शक्यता असते. वाचताना एवढ्या गोष्टी शोधून खुणा करा:

सभासद कुणाला म्हणायचं, आणि तुम्ही त्या व्याख्येत बसता का. विशेष सभा बोलवायला किती सह्या लागतात आणि किती दिवसांची नोटीस. गणपूर्ती किती. लेखापरीक्षक कोण नेमतं. चेकवर सह्या कुणाच्या. पाळकाला रजेवर पाठवायचा किंवा काढायचा अधिकार कुणाचा. जमीन आणि इमारत कुणाच्या नावावर.

*सावधान:* तुमची वर्गणी थकलेली असेल किंवा सभासद यादीत नावच नसेल, तर आधी ते दुरुस्त करून घ्या. तुम्हाला बाहेर काढायची ही सर्वांत सोपी पळवाट असते.

टप्पा ३: कागद जमवा, पण कुलूप न तोडता

सर्वांत जास्त वेळ इथे द्या.

जे कागद तुमच्याकडे हक्काने येतात तेच जमवा: तुमच्या दानाच्या पावत्या, वार्षिक अहवाल, सभांची इतिवृत्तं, निधीसाठी वाटलेली पत्रकं, जाहीर आवाहनांचे मेसेज. कार्यालयाचं कपाट उघडणं, पाळकांचा ईमेल पाहणं, कुणाच्या नकळत संभाषण रेकॉर्ड करणं, यातलं काहीही करू नका. काही ठिकाणी तो गुन्हा ठरतो, आणि तसं नसलं तरी चर्चा हिशेबावरून तुमच्या वागण्याकडे वळते. समोरच्याला तेच हवं असतं.

मूळ कागद घरी ठेवा, प्रती दोन ठिकाणी. सोबत एक वही करा: तारीख, काय पाहिलं, कुणी काय सांगितलं. मत लिहायचं नाही. "दानपेटी उघडताना फक्त पाळक आणि त्यांचा मुलगा होते" एवढंच.

आता कागद वाचायचे कसे?

पहिली जुळणी तीन कागदांची: रविवारी दान मोजल्यावर केलेला मोजणीचा कागद, बँकेत भरणा केल्याची स्लिप, आणि खातेवही. एका चौकशीत आम्हाला खातेवही आणि बँक पैशापैशाला जुळलेली दिसली. लेखापरीक्षकाने दर वर्षी नीट म्हणून सही केली होती. पण मोजणीचे कागद मात्र एका ड्रॉवरमध्ये गठ्ठ्याने पडून होते, कुणी ते पाहिलेच नव्हते. एका रविवारच्या कागदावर १०० च्या ४२ नोटा लिहिलेल्या होत्या आणि बँकेच्या स्लिपवर ३७. पुढच्या रविवारी ३९ आणि ३३. सुट्टे पैसे मात्र नेहमी तंतोतंत. झालं असं होतं की खातेवही मोजणीच्या कागदावरून लिहिली जातच नव्हती, ती बँकेच्या स्लिपवरून लिहिली जायची. मग दोन्ही जुळणारच. रविवार ते बुधवार पिशवी कुणाच्या घरी राहत होती, हा पुढचा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर सगळ्यांना आधीपासून माहीत होतं.

दुसरी जुळणी पावत्यांची. पावतीपुस्तकाचे क्रमांक सलग आहेत का पाहा. मग पाच-सहा दात्यांकडून त्यांच्याकडची पावती मागून कार्यालयातल्या स्थळप्रतीशी लावा. दात्याच्या हातात मोठा आकडा आणि स्थळप्रतीवर छोटा, हा फार जुना प्रकार आहे. पुस्तकात कार्बन घातलेला नसेल तर तो अजूनच सोपा होतो.

तिसरी खर्चाची. एकाच दुकानाची बिलं एकाखाली एक ठेवा. जानेवारीचं बिल ११२, मार्चचं ११३, मेचं ११४ असेल, तर त्या दुकानात मंडळीशिवाय दुसरं गिऱ्हाईक आलंच नाही असं मानावं लागेल. सगळ्या व्हाउचरवर एकच हस्ताक्षर, सगळ्या रकमा गोल, आणि 'गरजूंना मदत' या खात्यात एकाही गरजूची सही नाही, हेही तसंच.

चौथी गोष्ट ठरावीक कामासाठी घेतलेल्या दानाची. बांधकामाचे पैसे पगाराला वापरले आणि कुणाच्या खिशात काही गेलं नाही, तरी ते दात्याशी खोटं बोलणंच. अमेरिकेत टीव्हीवरून सेवा करणारे जिम बेकर १९८९ मध्ये दोषी ठरले ते याच वळणावर. दरवर्षी ठरावीक रात्री फुकट राहायला मिळेल असं सांगून त्यांनी लोकांकडून पैसे घेतले, खोल्यांच्या क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त लोकांना ते वचन विकलं, आणि पैसा दुसरीकडे वळवला.

बाहेरून मदत येत असेल तर आणखी एक पाहा: एकाच इमारतीचा फोटो दोन वेगवेगळ्या देणगीदारांना 'तुमच्या पैशांतून' म्हणून गेलाय का.

*तपासा:* टप्पा १ मधल्या वाक्यातल्या प्रत्येक शब्दाखाली एक कागद ठेवता येतोय का? येत नसेल तर वाक्य लहान करा, कागदाची जागा आवाजाने भरू नका.

टप्पा ४: दोघं-तिघं, त्याहून जास्त नाही

दोन किंवा तीन साक्षीदारांशिवाय वडिलांवरचा, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यावरचा, आरोप दाखल करून घेऊ नये, असं बायबलमधलं १ तीमथ्य ५:१९ सांगतं. हे वचन पाळकांची ढाल म्हणून वापरलं जातं. प्रत्यक्षात त्यात आरोप कसा दाखल करायचा याची रीत आहे, आणि लगेच पुढचं, विसावं वचन म्हणतं की पाप करत राहणाऱ्यांना सर्वांसमोर दोष दाखवा. एकोणीस वाचून वीस गाळणारे पुष्कळ भेटतील. आणि पैशांच्या बाबतीत बँकेची स्लिप हीसुद्धा साक्षच आहे.

सोबती निवडताना जो स्वतः खजिनदार व्हायला बघतोय तो नको. पाळकांशी जुनं भांडण असलेला नको. ज्याला रात्री झोप येत नाही म्हणून सगळीकडे फोन करायची सवय आहे, तो तर अजिबात नको. आकडे कळणारं एक माणूस, नियम वाचणारं एक, आणि मंडळीत जिच्या शब्दाला वजन आहे अशी एखादी वयस्कर मावशी, एवढं पुष्कळ झालं.

टप्पा ५: मत्तय १८ इथे लागू होतं का?

सगळ्यात जास्त घोळ याच प्रश्नावर होतो. (मत्तय १८ म्हणजे बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय.) "तुम्ही मत्तय १८ प्रमाणे आधी एकांतात का भेटला नाहीत?" असं विचारून प्रकरण बंद केलं जातं.

मत्तय १८:१५-१७ मध्ये क्रम आहे तो असा: आधी एकट्याने भेटा, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीला सांगा. तिथला प्रसंग भावाभावातला अपराध मिटवायचा आहे. पाळक तुम्हाला वैयक्तिक काही लागेल असं बोलले असतील तर हीच वाट धरा. पण मंडळीचा पैसा सगळ्यांचा आहे, आणि त्याचा हिशेब मागणं हे कुणाच्या खासगी पापावर बोट ठेवणं नव्हे. येशूचा शिष्य पेत्र याचं वागणं चारचौघांत चुकलं तेव्हा प्रेषित पौलाने त्याला सर्वांसमोर विचारलं, हे गलतीकरांच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. तिथे एकांताची अट नव्हती.

माझं मत असं: पैशांच्या बाबतीत पाळकांना एकट्याने भेटूच नका. भेटीत काय बोलणं झालं याच्या दोन आवृत्त्या तयार होतात आणि त्यातली एक पुढच्या रविवारी माइकवरून ऐकायला मिळते. गुपचूप नको वाटत असेल तर जे पत्र वडीलमंडळाला जाणार त्याचीच प्रत त्याच दिवशी पाळकांना द्या.

टप्पा ६: लेखी प्रश्न

पत्र एका पानाचं, एका विषयाचं. असं काही:

"आदरणीय पाळकसाहेब व वडीलमंडळाचे सभासद यांस, ख्रिस्तात सप्रेम सलाम. आम्ही खाली सह्या करणारे या मंडळीचे सभासद आहोत. बांधकाम निधीत आजवर जमा झालेली रक्कम, त्यातून झालेला खर्च आणि सध्याची शिल्लक यांचा लेखी तपशील मिळावा, तसेच त्या निधीची बँक खाती पाहायला मिळावीत, ही विनंती. घटनेच्या अमुक कलमानुसार आम्ही ही माहिती मागत आहोत. २१ दिवसांत लेखी उत्तर द्यावे. कागदपत्रे पाहण्यासाठी सोयीची वेळ कळवल्यास आम्ही हजर राहू."

पत्रात वचनं घालू नका. विशेषणं घालू नका. 'आम्हाला दुःखाने लिहावं लागत आहे' हेही नको. पोच घ्या: प्रतीवर सही आणि तारीख, नाहीतर नोंदणीकृत टपाल.

२१ दिवसांत उत्तर नाही आलं तर आठवणीचं एक पत्र, दहा दिवसांचं. तेही कोरडं गेलं तर टप्पा २ मध्ये शोधलेल्या वरच्या दारावर जा, दोन्ही पत्रांच्या पोचेसह. वरचं दारच नसेल, म्हणजे मंडळी एका कुटुंबाची असेल, तर तुमच्या हातात तीन गोष्टी राहतात: दान थांबवणं, धर्मादाय संस्थांवर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे कागदांसह अर्ज करणं, आणि कारण लेखी देऊन मंडळी सोडणं. तिन्ही एकाच दिवशी केल्या तरी हरकत नाही.

*सावधान:* हे चालू असताना ग्रुपवर एक अक्षरही नको. कुणी विचारलंच तर "लेखी विचारलंय, उत्तराची वाट बघतोय" एवढंच सांगा. बदनामीचा दावा बहुधा फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर उभा राहतो. साध्या शब्दांत हिशेब मागणाऱ्या पत्रावर तो उभा करणं अवघड जातं.

टप्पा ७: बैठकीला बोलावलं तर

तिघांनीच जा. आत शिरण्याआधी तीन गोष्टी ठरवून घ्या: बोलणार एकच, लिहिणार दुसरा, तिसरा गप्प बसून बघणार. इतिवृत्त कोण लिहिणार हे सुरुवातीलाच विचारा, आणि संपताना ते वाचून दाखवायला सांगा.

आत काय होईल हे मी आधीच सांगू शकतो, कारण ते नेहमी तेच असतं.

पाळकांच्या डोळ्यांत पाणी येईल. ते खरंही असू शकतं. दोन मिनिटं थांबा, पाण्याचा ग्लास पुढे करा, मग विचारा, "पाळकसाहेब, पासबुक आज बघायला मिळेल का?"

"परमेश्वराच्या अभिषिक्ताला हात लावू नका." अभिषिक्त म्हणजे देवाने नेमलेला. शौल तसा राजा होता म्हणून दाविदाने त्याला मारलं नाही हे खरं. पण १ शमुवेल २४ पूर्ण वाचा. दावीद गुहेतून बाहेर आला, मागून मोठ्याने हाक मारली, आणि शौलाच्या झग्याचा कापलेला काठ हातात धरून पुरावा दाखवला. कागद हातात धरणं म्हणजे हात लावणं नव्हे.

"दोष काढू नका, म्हणजे तुमचे दोष काढले जाणार नाहीत." मंडळीच्या आतल्या लोकांचा न्याय तुम्हीच करायचा आहे, असं पौल १ करिंथ ५ मध्ये सांगतो.

"भाऊबंदांना कोर्टात खेचता?" हे १ करिंथ ६ वरून येतं. तिथे विषय आपसातल्या वादांचा आहे. चोरीचा न्याय करायचा अधिकार सरकारला दिलाय, हे रोमकरांच्या तेराव्या अध्यायात आहे.

आणि कुणी अभ्यासू वडील असतील तर ते २ राजे १२ काढतील: योआश राजाच्या काळी मंदिराच्या दुरुस्तीचं काम करवून घेणाऱ्यांकडून हिशेब घेत नसत, कारण ते इमानाने वागत. हे वचन खरंच आहे, नाकारू नका. फक्त त्याच्या वरच्या ओळी वाचायला सांगा. वर्षानुवर्षं पैसा याजकांच्या हाती होता आणि राजाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत दुरुस्ती झालीच नव्हती. म्हणून तर झाकणाला भोक पाडलेली पेटी आली, आणि ती भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक असे दोघे मिळून मोजायला लागले. आधी दोघांची मोजणी, मग काम करवून घेणाऱ्यांवर विश्वास. आपल्याकडे उलटं चालतं.

शेवटचा डाव म्हणजे, "मग मी राजीनामाच देतो." ही धमकी बहुतेकदा खरी नसते, पण खोली लगेच घाबरते. उत्तर एकच द्या: "राजीनामा वडीलमंडळ बघेल. आम्ही हिशेब मागायला आलोय."

*तपासा:* बैठक संपली तेव्हा हातात काय आलं? तारीख, कागद किंवा लेखी नकार यातलं काही नसेल आणि फक्त सामूहिक प्रार्थना झाली असेल, तर त्याच रात्री पत्र पाठवा: "आजच्या बैठकीत पासबुक दाखवण्याबाबत निर्णय झाला नाही, अशी आमची नोंद आहे."

टप्पा ८: चौकशी बाहेरच्याकडून

कागदांत खरोखर काही निघालं तर घरातल्या घरात चौकशी नको. ज्याने पाळकांचं लग्न लावलं त्याच मित्राने केलेल्या चौकशीला काय अर्थ आहे? संस्था स्वतःची चौकशी करते तेव्हा काय होतं याचं ठळक उदाहरण ख्रिस्ती प्रचारक रवी झकरायस यांचं. २०१७ मध्ये त्यांच्यावर आरोप आले तेव्हा त्यांची संस्था त्यांच्या पाठीशी उभी राहिली. २०२० मध्ये ते वारले. त्यानंतर बाहेरच्या वकिलांच्या फर्मला चौकशी दिली गेली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये लैंगिक गैरवर्तन झाल्याचं सांगणारा अहवाल आला.

चौकशी सोपवताना एका कागदावर लिहून घ्या: कोणता काळ तपासायचा, कोणती खाती, अहवाल कुणाच्या हाती जाणार, सभासदांना त्यातलं किती वाचायला मिळणार, खर्च कोण देणार. अहवाल आधी पाळकांना 'दुरुस्तीसाठी' जाणार असेल तर तिथेच थांबा. तेवढ्या काळात पाळकांनी पगारी रजेवर राहावं. चेकवरची सही, कार्यालयाची किल्ली आणि ऑनलाइन बँकेचा पासवर्ड तिघांच्या देखत हस्तांतरित व्हावा. याला शिक्षा म्हणू नका. उद्या ते निर्दोष ठरले तर 'यांनी कागद बदलले' असं कुणी म्हणू नये, म्हणून ही त्यांचीच सोय आहे.

लेखापरीक्षकाचा शिक्का पाहून थांबू नका. सिंगापूरच्या सिटी हार्वेस्ट चर्च प्रकरणात २०१५ मध्ये संस्थापक पाळक काँग ही यांच्यासह सहा जण दोषी ठरले. सुमारे ५ कोटी सिंगापूर डॉलरचा प्रश्न होता. त्यातला साधारण निम्मा पैसा खोट्या गुंतवणुकीतून पाळकांच्या पत्नीच्या गायन कारकिर्दीकडे वळवलेला होता, आणि बाकीचा तो वळवलेला पैसा लेखापरीक्षकांपासून लपवण्यासाठी फिरवलेला. सहा जण, हे लक्षात घ्या. एकटा माणूस एवढं करू शकत नाही, सह्या करणारे लागतात.

टप्पा ९: निकाल लागल्यावर

निर्दोष निघाले तर ज्या व्यासपीठावर कुजबुज पोहोचली होती त्याच व्यासपीठावरून तसं जाहीर करा, प्रश्न विचारणाऱ्यांनी स्वतः. ही चूक मी आमच्या बाजूनेही पाहिली आहे: शंका मोठ्याने बोलली गेली आणि खुलासा नोटीस बोर्डाच्या कोपऱ्यात चिकटवला गेला.

ढिसाळपणा निघाला तर टप्पा १० कडे जा.

गैरव्यवहार निघाला तर राजीनामा घेऊन विषय मिटवू नका. रक्कम किती, ती कधी आणि कशी परत करणार हे लेखी घ्या. कायद्याने कळवणं आवश्यक असेल तिथे कळवा. सभासदांना आकडा सांगा, कारण आकडा दडवला की अफवेतला आकडा दहापट होतो. आणि 'कौटुंबिक कारणाने सेवा सोडली' असं शिफारसपत्र देऊ नका. त्या पत्रावर दुसरी मंडळी त्यांना बोलावते आणि तिथली दानपेटी त्यांच्या हाती जाते.

क्षमेचा विषय इथे निघेलच. क्षमा करा, जरूर करा. त्यांच्या घरी जेवायला जा, मुलांची विचारपूस करा, त्या मुलांचा काहीच दोष नसतो. तिजोरीची किल्ली मात्र वेगळा विषय आहे. योहान १२:६ सांगतं की पैशांची थैली यहूदाकडे असे आणि त्यातलं तो चोरत असे. येशूच्या बारा जणांत जे घडलं ते आपल्या वडीलमंडळात घडणार नाही असं कशावरून?

टप्पा १०: कुलपं बसवा

हे काम चौकशीनंतर सहा आठवड्यांत उरकलं नाही तर पुन्हा कधीच होत नाही, म्हणून तारीख घालून ठराव करा.

दान मोजताना एकमेकांचे नातेवाईक नसलेले दोघं, दर महिन्याला बदलणारे. मोजणी उपासनेच्या जागीच, लोक असताना. पिशवी कुणाच्याही घरी जाणार नाही. रात्री बँक बंद असेल तर दोन किल्ल्यांच्या पेटीत. चेकवर दोन सह्या, पती-पत्नीच्या नकोत. कोरे चेक आधी सही करून ठेवायचे नाहीत. ही सवय इतकी सर्वत्र आहे की तिच्यावर वेगळा ठराव करा. डिजिटल दान फक्त मंडळीच्या खात्यात, पाळकांच्या मोबाइल नंबरवर नाही. 'खातं उघडेपर्यंत तात्पुरतं' असं सांगितलं तरीही नाही.

पाळकांचा पगार आणि भत्ते पाळक नसलेल्यांनी ठरवायचे आणि इतिवृत्तात लिहायचे. पगार पुरेसा ठेवा. उपाशी ठेवलेल्या पाळकाला 'गरजूंना मदत' खात्याकडे बघायची सवय आपणच लावतो, हे फार मंडळ्यांना ऐकायला आवडत नाही. पाळकांना वैयक्तिक मिळालेल्या मोठ्या भेटींची वही ठेवा. दर तीन महिन्यांनी जमा-खर्च भिंतीवर लावा, आणि लेखापरीक्षक ठरावीक वर्षांनी बदला. तक्रारीसाठी पाळकांना वगळून जाणारी एक वाट हवी, एक नाव आणि एक पत्ता, नोटीस बोर्डावर.

कुणी म्हणेल, हा अविश्वास झाला. पौल यरुशलेमसाठी वर्गणी नेत होता तेव्हा मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेऊन गेला, कुणी बोट दाखवू नये म्हणून. २ करिंथ ८:१९-२१. हा एकच उतारा नव्या वडिलांना नेमताना वाचून दाखवा आणि ठरावावर सही घ्या.

मोजणी न करणाऱ्या एका माणसाला महिन्यातून एकदा पंधरा मिनिटांचं काम द्या: चारही रविवारचे मोजणीचे कागद, बँकेच्या स्लिपा आणि खातेवही शेजारी ठेवून नोटा जुळवायच्या, खाली सही करायची. आणि ते कागद ड्रॉवरमध्ये टाकू नका. भोक पाडून फाइलला लावा.